सुरगाठ

३ मार्चला, मंगळवारी सकाळी, गाठोबाने दवाखान्याच्या खिडकीत तपासणीचे सातशे पन्नास रुपये भरले, पावतीची घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि खिडकीतल्या मुलीला विचारलं, “लगेच होऊन जाईल ना? साडेअकराला माझी गाडी भरायची आहे.”

“काय होऊन जाईल?”

“एक गाठ सोडायची आहे. जुनी आहे, पण सुरगाठ आहे. एक ओढ दिली की झालं.”

मुलीने त्याच्या हातांकडे पाहिलं. हातात ना पिशवी होती, ना बोचकं. “बसा,” ती म्हणाली. “डॉक्टरबाई बोलावतील.”

गाठोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खरं नाव आता फक्त पगाराच्या दिवशी वापरात येई. लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात पोचवणाऱ्या कंपनीत तो बावीस वर्षं बांधणीचं काम करत होता. आरसे, काचेची कपाटं, धुलाईयंत्रं, एकदा तर माशांसकट माशांची टाकी, हे सगळं त्याच्या दोरीने बांधलेलं आणि सुखरूप पोचलेलं होतं. दोरी बांधणारे पुष्कळ असतात. गाठोबाचा अभिमान बांधण्यात नव्हता, सोडण्यात होता. टोक ओढलं की अलगद सुटते ती सुरगाठ, ओढावं तशी आणखी आवळत जाते ती निरगाठ. गाठोबाने जन्मात निरगाठ मारली नव्हती. नव्या घरी सामान उतरलं की तो मुद्दाम दाराशी रेंगाळायचा. घरातलं कुणी कात्री घेऊन आलं की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू दोरी नाही, त्याची मिशीच कापायला निघालेत. “अहो थांबा, थांबा! कात्री कशाला? ते टोक धरा. हां, ओढा आता.” कात्री लागली म्हणजे बांधणारा हरला, हा त्याचा कायदा होता आणि तो त्याने सगळ्या गोदामाला पाठ करायला लावला होता.

आता त्याला स्वतःची गाठ सोडवून घ्यायची होती, त्याचं कारण असं.

तेरा वर्षांपूर्वी, मुलगी चार वर्षांची असताना, त्याने नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. पहिलं बाळंतपण बायकोच्या जिवावर बेतलं होतं. पुन्हा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाठोबा म्हणाला, “तू पुष्कळ सोसलंस, आता माझी पाळी,” आणि जाऊन टेबलावर झोपला. भूल तेवढ्या जागेपुरतीच होती, त्यामुळे कान शाबूत होते. डॉक्टर वयस्कर आणि गप्पिष्ट होते. “आता गाठ मारतो हं,” असं ते म्हणाले आणि आडव्या पडलेल्या गाठोबातला कारागीर उठून बसला.

“डॉक्टरसाहेब, सुरगाठ मारा. निरगाठ नको. पुढे कुणावर सोडायची वेळ आली तर त्याने आपल्याला शिव्या घालू नयेत.”

डॉक्टर मास्कच्या आड खो-खो हसले. “तुमच्यासाठी स्पेशल सुरगाठ,” ते म्हणाले.

सही केलेल्या कागदावर हे कायमचं आहे असं स्वच्छ छापलेलं होतं. पण कागद कोण वाचतो? गाठोबाने एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला दिलेला शब्द धरला आणि तेरा वर्षं सांभाळला.

पुढे पहिली बायको आजारपणात गेली. मुलीला वाढवण्यात चार वर्षं निघून गेली. मग एके दिवशी कंपनीला चष्म्याचं एक दुकान हलवायचं काम मिळालं. त्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर तपासणारी एक बाई होती. सगळे तिला चष्मेवाली म्हणत. तोलूनमापून बोलायची, पण बोललेलं लागायचं. नव्या दुकानात खोकी पोचली तेव्हा मालक कात्री शोधू लागले. चष्मेवालीने खोकं स्वतःकडे ओढलं, गाठ उलटसुलट करून पाहिली, बरोबर टोक पकडलं आणि ओढलं. दोरी सळकन गळून पडली. गाठोबाही त्याच क्षणी गळून पडला, फक्त आवाज झाला नाही.

लग्नाची बोलणी करताना तिने एकच गोष्ट सांगितली. “मी चौतीस वर्षांची आहे. मला मूल हवंय. तुमचं एक आहे, पण मला माझंही हवंय. जमणार नसेल तर आत्ताच सांगा.”

गाठोबाने शस्त्रक्रियेचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. “पण काळजी नको,” त्याने छाती पुढे काढली, “सुरगाठ आहे.”

चष्मेवालीची आई चोखंदळ बाई. जावई विधुर, त्यात नसबंदी झालेला, म्हणून तिने आधी नाक मुरडलं होतं. ती म्हणाली, “म्हणजे दार लावलंय, पण कुलूप नाही घातलं. असंच ना?”

“अगदी बरोबर, आई. नुसती कडी आहे.”

या कडीच्या भरवशावर लग्न झालं. पहिलं वर्ष एकमेकांच्या सवयी ओळखण्यात गेलं. मग कामाची गर्दी आली. मग मुलीची बारावी आली. दीड वर्षाने, फेब्रुवारीत, बायकोने हातातलं भांडं खाली ठेवून विचारलं, “अहो, ते गाठीचं कधी बघताय?”

म्हणून ३ मार्च.

घराबाहेर हे गुपित त्याने फक्त ट्रकच्या ड्रायव्हरला सांगितलं होतं. पंधरा वर्षं दोघं एका केबिनमध्ये बसत होते, तेव्हा सांगणं भाग होतं.

“दुसऱ्याने मारलेली गाठ आहे रे,” ड्रायव्हर गिअर बदलत म्हणाला. “नाही सुटायची.”

“सुरगाठ आहे.”

“पाहिलीस?”

“ती कशी पाहणार?”

“मग लाव पैज. सुटली तर पन्नास मी देतो. नाही सुटली तर तू दे.”

“लावली,” गाठोबा म्हणाला. त्याला हे फुकटचे पन्नास वाटले.

डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं, जुनी हकीकत ऐकली आणि सुरगाठीचं वाक्य येताच खालचा ओठ दातांत धरला. ओठ सुटला तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमच्या खिशात दोरी असेल ना?”

असणारच. त्याने हातभर दोरी काढून दिली. बाईंनी तिला मध्ये चार बोटांचं अंतर सोडून दोन गाठी मारल्या. त्या कामचलाऊ होत्या. मग बाईंनी टेबलावरची कात्री उचलली आणि त्याच्या डोळ्यांदेखत दोन गाठींच्या मधला तुकडा कच्चकन कापून टाकला. गाठोबा खुर्चीतून अर्धा उठला.

“हे असं केलंय,” बाई म्हणाल्या. “दोन्ही बाजूंना. गाठ मारलीच, पण नळी कापून मधला तुकडाही काढला. सुरगाठ असो नाहीतर आणखी कुठली. ही गाठ सोडलीत तर काय होईल?”

गाठोबाने दोन टोकं हातात घेऊन पाहिली. “काही नाही,” तो म्हणाला. “रस्ताच नाही.”

“त्या डॉक्टरांनी तुमची थट्टा केली हो.”

“मग आता काहीच नाही?”

“आहे की. पण ते बायकोला घेऊन या, मग सांगते. हे एकट्याने ऐकायचं प्रकरण नाही.”

त्या दिवशी साडेअकराची गाडी भरताना गाठोबाने बावीस वर्षांत पहिल्यांदा एक गाठ दोनदा मारली. पहिली जमली नाही असं नव्हे, पण ज्या शब्दावर लग्न उभं होतं तो शब्दच थट्टा निघाला होता. बायको पस्तिशी ओलांडून पुढे निघाली होती. तिची दीड वर्षं त्याने एका मास्कमागच्या हसण्यावर खर्च केली होती.

संध्याकाळी त्याने सांगितलं. ती ओटा पुसत होती.

“म्हणजे निरगाठ आहे?” तिने विचारलं.

“निरगाठसुद्धा नाही. कापलंय.”

तिने फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि म्हणाली, “जेवायला बसा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामात त्याने डबा काढला, तर डब्याच्या फडक्याला निरगाठ होती. साधीसुधी नव्हे, ओल्या फडक्याला मारून वाळवलेली. सगळ्यांची जेवणं झाली तरी गाठोबा नखाने उकरत होता. ड्रायव्हरने चाकू पुढे केला. गाठोबाने तो परत केला. संध्याकाळी बुटांना निरगाठ. त्याच्या पिशवीच्या बंदांना निरगाठ. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, नेमक्या घाईच्या वेळी, पायजम्याच्या नाडीला अशी निरगाठ, की न्हाणीघरातून त्याचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत आला.

“मावशी,” मुलीने चष्मेवालीला विचारलं, “बाबा आत कुणाशी भांडतायत?”

“नाडीशी.”

“तू मारलीस?”

“मी कशाला? थट्टेने बसली असेल.”

मुलगी सतरा वर्षांची, तिला सगळा मामला कळला होता. आधी तिने “या वयात? माझ्या कॉलेजच्या पहिल्याच वर्षी?” म्हणून डोक्याला हात लावला होता. पण आता करमणूक चांगली चालली होती, तेव्हा तिने तक्रार मागे घेतली.

भरीस भर म्हणून सासूबाईंचा फोन आला. “जावईबुवा, सुटली का गाठ?”

“नाही आई,” गाठोबा घाम पुसत म्हणाला. “अजून पायजम्याचीच सोडतोय.”

रविवारी त्याचा कोट खुर्चीवर मिळाला. दोन्ही बाह्या एकमेकींत गुंतवून त्यावर चार निरगाठी. तो कोट मांडीवर घेऊन बसला. चष्मेवाली समोर बसून बघत राहिली. अर्ध्या तासाने एक गाठ सुटली.

“कात्री देऊ?” तिने विचारलं. “जेवायला बसा”नंतरचं तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य.

“नको.”

“का? एवढा हट्ट?”

“कापलं की मग जोडावं लागतं. आणि जोडलेलं दिसतं.”

“दिसू दे,” ती म्हणाली. “कापलंय म्हणून नाही रागावले मी. लग्नाआधी कुणा डॉक्टरला विचारायला पाय दुखत होते का तुमचे? एवढं माझ्या जन्माचं प्रकरण, आणि तुम्ही एका विनोदावर मला बसवून ठेवलंत.”

“चुकलं.”

“चुकलंच. उरलेल्या तीन सोडवा आणि उद्या डॉक्टरबाईंची वेळ घ्या. दोघांची.”

डॉक्टरबाईंनी या खेपेला दोरी मागितली नाही. चष्मेवालीने मात्र कोरा कागद आणि पेन काढून ठेवलं होतं, गिऱ्हाइकाचा नंबर लिहायला घेतात तसं.

“पहिली वाट म्हणजे नळी परत जोडायची,” बाई म्हणाल्या. “मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने. बांधलेली टोकं कापून काढायची आणि चांगल्या टोकाला चांगलं टोक शिवायचं. तीनएक तास लागतात.”

“पुन्हा कात्री?” गाठोबा कुजबुजला.

“तुम्ही गप्प बसा. यश किती येतं?” चष्मेवालीने विचारलं.

“खोटं नाही सांगणार. शस्त्रक्रियेनंतर लवकर जोडलं तर बरं असतं, तेरा वर्षं म्हणजे जरा उशीरच. निम्म्याहून जास्त पुरुषांच्या तपासणीत शुक्रजंतू परत दिसतात. पण मूल त्याहून कमी जणांना होतं, आणि त्यालाही वर्षभर लागू शकतं. कधी आत आणखी पुढे अडथळा सापडतो, मग काम अवघड होतं. ते उघडल्याशिवाय कळत नाही.”

“दुसरी वाट?”

“जोडायचं नाही. सुईने थेट शुक्रजंतू काढायचे आणि प्रयोगशाळेत तुमच्या स्त्रीबीजात सोडायचे.”

गाठोबाचा चेहरा उजळला. “त्यात मला काय करायचं?”

“फारसं नाही. थोडा वेळ पडून राहायचं.”

“आणि हिला?”

“त्यांना दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मग बीजं काढायची, मग गर्भ आत ठेवायचा. नाही जमलं तर पुन्हा. खर्चही बराच. तिथे यांचं वय महत्त्वाचं.”

“मग नको,” गाठोबा म्हणाला. “गाठ माझी आणि सुया हिला? हे काही बरोबर नाही. आपण जोडूनच—”

“थांबा,” चष्मेवाली म्हणाली. “तुम्ही ठरवायचं आणि मी मान डोलवायची, हे पुन्हा सुरू नको. बाई, आणखी काय असतं?”

“दात्याचे शुक्रजंतू घेता येतात. मूल दत्तक घेता येतं. आणि आहोत तसे तिघं मजेत राहता येतं. हे शेवटचं सहसा कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी दाखवते. काहीही ठरवा, पण आधी तुमच्याही तपासण्या करून घ्या. एकीकडे शिवून ठेवायचं आणि अडचण दुसरीकडेच, असं नको.”

चष्मेवालीने पेन कानामागे खोचलं. “जोडून बघू,” ती म्हणाली. “पण जोडताना शुक्रजंतू सापडले तर थोडे गोठवून ठेवता येतात का?”

“येतात.”

“मग ठेवा. एक वर्ष मी थांबते. वर्षात नाही झालं तर इंजेक्शनं मी घेईन, आणि तेव्हा यांनी मध्ये बोलायचं नाही. तेही नाही झालं तर दत्तक. गाठ तुमची असेल, घड्याळ माझं आहे.”

गाठोबाने मान डोलवली. लग्नानंतर इतकी पूर्ण मान त्याने पहिल्यांदाच डोलवली असेल.

शस्त्रक्रियेच्या सकाळी, पूर्ण भूल चढायच्या आधी, त्याने डॉक्टरबाईंना खुणेने जवळ बोलावलं. “बाई, तो बारीक धागा... त्याला गाठ कुठली मारणार?”

“निरगाठ. एकावर एक, तीन.”

“मारा,” गाठोबा म्हणाला. “बिनधास्त मारा. जन्मात पहिल्यांदा सांगतोय.” आणि झोपी गेला.

आत आणखी अडथळा नव्हता. थोडे शुक्रजंतू सापडले, ते गोठवून ठेवले. मग महिनाभर वजन उचलायला बंदी. गाठोबाने गोदामात पाठ धरल्याचं सांगितलं आणि स्टुलावर बसून हुकूम सोडू लागला. ड्रायव्हर येता-जाता मोठ्याने विचारायचा, “काय, पाठ खालून दुखते की वरून?” हमाल हसायचे. कुणाला किती कळलं होतं कोण जाणे.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. काही नव्हतं. गाठोबाने घरी येऊन निकालाचा कागद पुढे केला. चष्मेवालीने त्याचा डबा धुतला, फडक्याची नीट घडी केली आणि म्हणाली, “वर्ष म्हटलंय ना मी? अजून नऊ महिने आहेत.” सासूबाईंना तिने फोनवर सांगितलं, “आई, तू रोज विचारून ती लवकर सुटणार नाही.”

सहा महिन्यांच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा गाठोबा एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात उभा होता. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, “थोडे आहेत, पण हलतायत.”

“हलतायत?” गाठोबा ओरडला. “ड्रायव्हर! अरे, हलतायत!”

“काय हलतंय?” घरमालकीण धावत आली. “कपाट नीट बांधलं नाहीत का?”

वर्ष भरत आलं. चष्मेवाली घड्याळाचं नाव काढत नव्हती. गाठोबाला वाटलं, ती मनातल्या मनात इंजेक्शनांची तयारी करतेय. तिच्याकडे बघायची त्याला चोरी झाली होती. एका रविवारी तो दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. बायकोच्या सलवारीची घडी करताना नाडी हातात आली आणि हात आपोआप थांबला.

नाडीला रोज एकाच जागी गाठ पडली की तिथे वळ पडतो. हे जगात फार थोड्या लोकांच्या लक्षात येतं. या नाडीवर जुना वळ होता, काळपट, वर्षभराचा. आणि त्याच्यापुढे, टोकांच्या बाजूला दोन बोटं सरकून, नवा वळ पडू लागला होता.

तो नाडी हातात धरूनच आत गेला. “ही तू... पुढे बांधायला लागलीस?”

चष्मेवाली चष्मा पुसत होती. “पंधरा दिवस झाले.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, तुम्हीच सांगा. गाठीतलं तुम्हाला कळतं.”

गाठोबाने दोन वळांमधलं अंतर पुन्हा बोटांनी मोजलं. “किती दिवस झाले?”

“बारावा आठवडा. डॉक्टरबाईंनी ठोके ऐकवले, सगळं ठीक आहे.”

“आणि मला नाही सांगितलंस?”

“दीड वर्ष तुम्ही मला सुरगाठीवर ठेवलंत. मी पाच आठवडे तुम्हाला नाडीवर ठेवलं. फिटंफाट.”

“कुणाकुणाला माहीत आहे?”

“आईला. मुलीला. दुकानात मालकांना. आणि तुमच्या ड्रायव्हरला.”

“ड्रायव्हरला?”

“तपासणीला त्यानेच सोडलं मला दोनदा. चांगला माणूस आहे. ताकास तूर लागू दिली नाही.”

आतल्या खोलीतून मुलीच्या हसण्याचा आवाज आला. गाठोबाने नाडी डोळ्यांना लावली. डोळे पुसले की नाडीच पाहिली, ते सांगता यायचं नाही.

सोमवारी तो गोदामात शिरला तो सरळ ड्रायव्हरपुढे हात पसरून. “पन्नास काढ.”

“कसले?”

“सुटली.”

“कुठे सुटली?” ड्रायव्हरने चहाचा पेला बाजूला ठेवला. हमाल कान टवकारून जवळ सरकले. “तूच तर सांगितलंस मला. बाईंनी गाठीसकट टोकं कापली, फेकून दिली आणि नवी शिवली. तुझ्याच कायद्याने बोल. कात्री लावली, तर गाठ सुटली म्हणायचं?”

गाठोबा विचारात पडला. ही पैज पन्नास रुपयांची असली तरी कायदा बावीस वर्षांचा होता, आणि ऐकणारे सगळे त्याच्याच हाताखाली शिकलेले होते.

“नाही,” तो शेवटी म्हणाला. “नाही म्हणायचं.”

“मग?”

गाठोबाने खिसे चाचपले. “सुटे नाहीत,” तो म्हणाला, आणि दोरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून गाडीत चढला.

मुलगा झाला. आता तो चालतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बुटांच्या नाड्या बरोबर टोक धरून ओढतो. ड्रायव्हरचे पन्नास रुपये अजून द्यायचे आहेत.